वाढदिवस आईचा, हौस कुणाची?

पार्लेकरीण: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'आईवडिलांना वाढदिवसाला त्याच त्या थाळीला नेणं म्हणजे त्यांना पन्नास वर्षं मागे ठेवणं. एकदा तरी फ्रेंच-एशियन फ्यूजन खाऊ घाला.' तळपायाची आग मस्तकात गेली, कारण मी नुकतीच तेच करून बसलेय.

आईचा सत्तरावा. लोअर परळमधलं झगमगीत ठिकाण, महिनाभर आधी बुकिंग. परातीएवढ्या ताटलीत मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं जपानी वाटण, लावून भाजलेलं अर्धं वांगं, बाजूला लेमनग्रास घातलेल्या लोण्याच्या सॉसचे तीन थेंब. आईने एक थेंब बोटाने चाटला आणि म्हणाली, "भाजलंय छान गं, पण मसाला भरायला विसरले वाटतं." मग वेटर क्रेम ब्रूले नावाच्या फ्रेंच कस्टर्डात मेणबत्ती खोचून घेऊन आला. आई काही फुंकेना. वाढदिवसाला दिवा विझवायचा? शेवटी भाच्याने फुंकली. घरी येऊन तिने दहीभात कालवला, मी ओवाळलं, तेव्हा कुठे वाढदिवस झाला.

खवट_खोबरं: यात रेस्टॉरंटचं काय चुकलं? आईला आधी विचारलंत का? आणि फ्यूजनला नाकं मुरडणाऱ्यांनी उपासाची खिचडीही सोडावी. साबुदाण्याचा कंद, दाणे, बटाटा, मिरची, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं.

तिखटजाळ: आलं साबुदाण्याचं पुराण! दर धाग्यावर येतं. अहो, ते घराघरांतून चुकतमाकत मुरलं. इथे शेफ मिसोत लोणी फेटतो आणि वांग्याचे १,४५० रुपये लावतो.

हनोईरिटर्न: फ्रेंच-एशियन म्हणजे नुसतं शेफचं खूळ नव्हे. व्हिएतनाममधली फ्रेंचांची सत्ता १९५४ मध्ये संपली, पाव तिथेच राहिला. 'बान्ह मी' ही तिथली सँडविचची जात त्याचीच. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून खायची: कुरकुरीत पाव, आत लिव्हरचं मऊ वाटण (फ्रेंच 'पाते'), मुळा-गाजराचं आंबटगोड लोणचं, कोथिंबीर. पांढऱ्या टेबलक्लॉथवालं प्रकरण वेगळं. शेफ वुल्फगँग पकने १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात 'शिन्वा ऑन मेन' हे फ्रेंच-चिनी रेस्टॉरंट काढलं, त्या वाटेवरचं. दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

बिलवाला: वांगं राहू द्या. सर्व्हिस चार्ज लावला होता का?

पार्लेकरीण: हो. १४,२०० वर १० टक्के, म्हणजे १,४२०. वर त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण १६,४०१.

बिलवाला: आणि भरलेत?! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय, आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या. सरळ ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायचा. मी ठाण्यात तीनदा काढायला लावलाय.

ट्रेवाला: शाब्बास. मी नऊ वर्षं वेटर होतो. आमच्याकडे तो पैसा महिनाअखेरीस पॉइंटप्रमाणे वाटत, कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्या पोरापर्यंत. त्यातून मी बहिणीची फी भरलीय. तुमच्यासारखे तावातावाने चार्ज काढायला लावतात आणि जाताना बडीशेपेच्या वाटीत वीस रुपये ठेवतात.

बिलवाला: पगार देणं मालकाचं काम, माझं नाही. मला एका वेटरने स्वतः सांगितलंय, त्याला एक पैसा मिळत नाही.

ट्रेवाला: एका वेटरने! आणि मी काय हवेतून बोलतोय? मध्यरात्री शेवटची लोकल गाठायला धावलायत कधी?

बिलवाला: रडगाणं नको, कायदा बोला.

ट्रेवाला: कायद्याने लावता येत नाही, मान्य. झालं समाधान? आता माणुसकीचं कलम शोधा.

तिखटजाळ: आईच्या वाढदिवसाच्या धाग्यावर कोर्टकचेरी. धन्य आहात.

हनोईरिटर्न: बान्ह मीवर सर्व्हिस चार्ज नसतो, एवढंच नमूद करतो.

पार्लेकरीण: खोबरं, आईला विचारलं नव्हतं, कबूल. विचारलं असतं तर 'उगाच खर्च कशाला' म्हणून मोडता घातला असता. बरं, तुम्हाला उकळ्या फुटतील असं आणखी एक सांगते. काल ती जिन्यात शेजारच्या काकूंना वांग्याचा फोटो दाखवत होती. "फ्रेंच हॉटेल होतं हो, साधंसुधं नाही!"

खवट_खोबरं: फुटल्या. मेणबत्तीचं काय सांगितलं?

पार्लेकरीण: तेवढं गाळलं.

बिलवाला: बिलाचा फोटो आहे का पण?