सीमाशुल्क, जकात, करोडगिरी : यातली ‘सीमा’ नेमकी कुठली?

परभणीहून प्रश्न
कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करते. एका जुन्या भाषांतरात ‘कस्टम्स लॉ’चं ‘रूढीविषयक कायदा’ केलेलं सापडलं, आणि खाली सगळा मजकूर भंगार लोखंडाच्या आयातीचा! मी ते ‘जकात कायदा’ असं बदललं, तर वकीलसाहेबांनी लाल रेघ मारून ‘सीमाशुल्क’ लिहिलं. घरी आजोबा म्हणतेत, “करोडगिरी म्हण की, सरळ शब्द हाय.” तिघांत फरक काय?

उदगीर
आजोबांचं चूक नाही, काळ वेगळा. निजामाच्या राज्यात संस्थानाबाहेरून येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर संस्थानाचा स्वतःचा कर होता, त्या खात्याचं नाव करोडगिरी. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाकडं. म्हणजे बार्शीहून लातूरला कापडाचा गठ्ठा आणला तरी तो परमुलखातला माल. मुक्तिसंग्रामात करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले ते उगीच नाही. शब्द मोगल बादशाहीतल्या ‘करोडी’वरून आलेला: एक कोटी दाम (तेव्हाचं तांब्याचं नाणं) वसुलीचा मुलूख ज्याच्याकडं, तो करोडी. १९४८ नंतरही संस्थानांना हे एकदम सोडावं लागलं नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३०६ नं ‘ब’ भागातल्या राज्यांना, म्हणजे हैदराबादलाही, केंद्राशी करार करून जास्तीत जास्त दहा वर्षं असा कर चालू ठेवायची मुभा होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत तो अनुच्छेदच गेला.

छत्रपती संभाजीनगर, वकिली करतो
ताई, लाल रेघ बरोबर आहे. राजाला किंवा सरदाराला वहिवाटीनं द्यायचा कर, म्हणून इंग्रजीत रूढी आणि हा कर यांना ‘कस्टम’ हा एकच शब्द चिकटला. मराठीत ती अडचण नाही, आपणच ओढवून घेतो. वारसा-विवाहाच्या दाव्यात ‘रूढी’, बंदरावर ‘सीमाशुल्क’.

‘जकात’ आज कायद्याच्या कागदात नको. लोकांच्या डोक्यात ती नगरपालिकेच्या नाक्यावरची जकात, म्हणजे गावात शिरणाऱ्या मालावरचा कर. ती राज्यसूचीतल्या ५२ व्या नोंदीतली होती. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं ती नोंद वगळली. सीमाशुल्क संघसूचीत, नोंद ८३. तिथं फक्त संसद. आकारणीचा अधिकार सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२ मध्ये, दर १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमात.

खरी गंमत ‘सीमा’ शब्दात आहे. वाचणाऱ्याला वाघा बॉर्डर दिसते. कायद्यात ‘भारत’ किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, तर ‘भारतीय सीमाशुल्क जलक्षेत्र’ २०१८ पासून २०० मैलांपर्यंत. तरी जहाज आत आलं की लगेच कर लागला असं नाही. आयात तिथं सुरू होते, पण माल सीमाशुल्काच्या अडसरापाशी, म्हणजे तपासणीच्या नाक्यापाशी, पोचून देशात वापरासाठी बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं विवरणपत्र) दाखल झालं की कर लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं गार्डन सिल्क मिल्स प्रकरणात (१९९९) सांगितलंय. आणि तो अडसर आमच्या माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतही असू शकतो. समुद्र कुठं, माळीवाडा कुठं! तिथलं आवार कायद्यानं ‘सीमाशुल्क क्षेत्र’.

जालना
भंगाराच्या कंटेनरवर आयुष्य चाललंय, म्हणून एक शब्द माझाही. ‘तस्करी’. लोकांना वाटतं रात्रीची बोट आणि सोन्याची बिस्किटं. सीमाशुल्क अधिनियमाचं कलम २(३९) वाचा: ज्या कृतीमुळं किंवा न केलेल्या कृतीमुळं माल जप्तीला पात्र होतो, ती सगळी तस्करी. कलम १११ मध्ये कागदावर सांगितलेल्या किमतीशी न जुळणारा मालही येतो. म्हणजे दिवसाढवळ्या, शिक्क्यासकट तस्करी होऊ शकते. भाषांतरात ‘चोरटी आयात’ लिहाल तर अर्थ निम्म्यानं कमी होईल.

लातूर
आमच्या मोंढ्यात या कायद्याचं एकच नाव, ‘आयात शुल्क’. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर मूळ शुल्क २० टक्के झालं, मे २०२५ मध्ये १० वर आलं. सोयाबीनवाल्याला तेवढंच दिसतंय. पण कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के लावलं ते निर्यात शुल्क, तेही सीमाशुल्कच. म्हणून शीर्षकात ‘आयात शुल्क कायदा’ नको.

परभणी
उदगीरचे काका, वकीलसाहेब, सगळ्यांचे आभार. ‘सीमाशुल्क’ पक्कं. आता पुढच्या पानावर ‘बॉण्डेड वेअरहाऊस’ आहे. ‘बंधपत्रित गोदाम’ चालेल?

छत्रपती संभाजीनगर
चालेल. फक्त वाक्य जपून करा. तिथं माल ठेवला की शुल्क माफ होत नाही, थांबतं. बाहेर काढण्यासाठी बिल ऑफ एन्ट्री दाखल कराल त्या दिवसाचा दर लागतो.

जालना
आणि तोंडी कुणीच ‘बंधपत्रित’ म्हणत नाही. “माल बॉण्डमधी हाय” एवढंच.