खोललं ते पुन्हा बसलं का? (अनुभव धागा)

खारपाणकर
काल कूलरचा पंप खोलला. तीन वर्षं झाली, दर्यापूरजवळच्या आमच्या गावातूनच काम करतो. कंपन्यांना सल्ला देतो, सर्व्हर कुठे ठेवा, बॅकअप कसा घ्या वगैरे. गावात मी नुसता 'कम्प्युटरवाला'. म्हणून मिक्सर, इस्त्री, बीपीचं मशीन, सगळं माझ्याच ओट्यावर येतं.

तर पंप. बाहेर ४५ अंश, मीटिंगला अर्धा तास, आणि हा नुसता घुं करतोय. उघडला तर आत पांढऱ्या क्षाराचा थर, पंखा जागचा हलेना. कॉइल तापलेली. तो जळक्या वार्निशचा वास नाकात गेला आणि मी थेट २००३ च्या जूनमध्ये.

५६ केचा मोडेम होता. इंटरनेटसाठी फोनवरून १७२२३३ लावायचं, किर्रर्र ऐकायचं, मधेच मावशीचा फोन आला की सगळं पहिल्यापासून. आभाळ गडगडलं तसा मी शहाण्यासारखा कम्प्युटरचा प्लग काढून ठेवला आणि जेवायला बसलो. वीज फोनच्या तारेतून आली. मोडेम, त्याच्या मागे मदरबोर्ड, सगळं खलास. बाबांनी मोडेम हातात घेऊन वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "वीज काय एकाच दारानं येते?" आजही कोणाच्या ऑफिसात गेलो की मी आधी ते दुसरं दार शोधतो. बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉल भक्कम असते हो, पण अकाउंटवाल्याच्या खिशात पेनड्राइव्ह असतो.

तुम्ही काय काय खोललं? बसलं का? लिहा. माझा पंप अजून परातीत पडून आहे.

वावरातला वायरमन
मोबाइल स्टार्टर बसवला होता भाऊ मांगच्या साली. सिम टाकलं, रिंग देल्ली का मोटर चालू. रातच्या लाईनीत वावरात जायाचं काम नाई, साप नाई, इचू नाई. लय खूश. तिसऱ्या दिवशी पाहतो त हरभऱ्यात गुडघाभर पानी! म्या त रिंगच देल्ली नाई. मंग समजलं, त्या सिमवर लोनवाल्या पोरीचा फोन आलता. तीनदा. चालू, बंद, चालू.

खारपाणकर
हा हा! अरे त्यात मालकाचे नंबर नोंदवता येतात, मेसेज पाठवून. मग बाकीच्यांच्या फोनला ते दाद देत नाही. कागद वाचला नाहीस ना?

वावरातला वायरमन
इंग्रजीत होता. त्यातलं 'ऑन' समजलं, तेवढं केलं. आन त्या पोरीले म्या लोन नाई म्हनलं त ते म्हने सर विचार करा. तिले काय सांगू का बाई तुह्यापायी हरभरा बुडाला.

सेतूवाली
खोललं नाही, पण बसलंही नाही, चालेल का? ग्रामपंचायतीचे जुने ठराव आमच्या कम्प्युटरवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरं, मधे स्वल्पविराम नि कंस. सरपंच म्हणाले व्हायरस आहे, मशीन फॉर्मॅट करा. बरं झालं नाही केलं. एका पोराने सांगितलं की जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचं नुसतं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहावं म्हणून ठरवलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे म्हणे, आमच्याकडे पोचायला उशीर झाला इतकंच. एक ठराव मी हाताने परत टाइप केला. विषय: बैल धुण्याच्या हौदाला तोटी बसवणे. बाकीचे बदलायला काही आहे का?

खारपाणकर
कन्व्हर्टर मिळतात ताई, पण आधी फॉन्ट कोणता ते ओळखावं लागतं. एक पान पाठवा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी मात्र नंतर डोळ्यांनी तपासाच, तिथेच घोळ होतो.

बनोसा लोकल
दर्यापूर म्हटलं की मला फक्त शकुंतला आगगाडी आठवते. मूर्तिजापूरला बसायचं, बनोस्याला उतरायचं, मधे खाली उतरून बोरं तोडून परत चढायचं. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. माफ करा, विषय वेगळा आहे.

कापूसकोंड्या
मातीचा ओलावा मोजायचा सेन्सर लावला होता. दोन दांड्यांचा, स्वस्तातला. महिनाभरात दांड्या खाऊन गेल्या, कारण ओल्या मातीतून चोवीस तास करंट सोडला की धातू झिजणारच. मग दुसरा आणला, कपॅसिटिव्ह, त्याचा धातू मातीला लागत नाही. हा गंजला नाही. पण उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडल्या आणि सेन्सर भेगेत लोंबकळायला लागला. मी मोबाइलवर आलेख बघतोय, तो मला हवेचा ओलावा सांगतोय. बुढा म्हने, "भेगेत पाय जाऊन रायला, तुले मशीन कायले पाह्यजे?"

वावरातला वायरमन
बुढे लोकं कायजात हात घालते. मोडेमवाल्या भाऊ, अर्थिंग पाह्य घरची. खड्ड्यात मीठ आन कोळसा टाक, उन्हाळ्यात पानी टाकत जाय.

खारपाणकर
खारपाणपट्ट्यात मीठ टाकू? आमच्या मातीत देवानंच टाकून ठेवलंय. पाण्याचा चहा फुटतो, पण अर्थिंग एक नंबर.

माहेर आर्वी
बाबांचा रेडिओ भावाने खोलला होता, लहानपणी. बसवला तेव्हा आवाज आला पण काटा फिरेना, दोरी निसटली होती आतली. नशिबाने नागपूर केंद्रावरच अडकला, म्हणून बाबा रागावले नाहीत, त्यांना दुसरं काही लागायचंच नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली. रेडिओ माझ्याकडे आहे. दुरुस्तीवाला म्हणाला दोरी परत बसवून देतो, मी नको म्हटलं. पोळ्या करायच्यात, जाते.

सेतूवाली
नकाच बसवू ताई.

कापूसकोंड्या
पंखा हळू फिरत असेल तर कुणी खोलू नका बरं. बहुतेक वेळा नुसता कंडेन्सर गेलेला असतो, अडीच मायक्रोफॅरडचा. मी आर्मेचरपर्यंत पोचलो होतो. तो पंखा आता कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण आहे.

बनोसा लोकल
पंपाचा क्षार कसा काढायचा? आमचाही घुं करतोय.

खारपाणकर
प्लग काढून आतला पंखा बाहेर घ्या आणि व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. कॉइलला लावू नका. मी तेच केलंय.

बनोसा लोकल
व्हिनेगर इथे कुठून आणू? चिंच चालेल?

खारपाणकर
आंबट काहीही चालेल. फक्त घरी विचारून घ्या. मी आधी चिंचच घेतली होती, सकाळपासून आई माझ्याशी बोललेली नाही.