न्यूट्रिनोची 'चाहूल' की 'अभिज्ञान'? आणि 'ऑप्टिकल मोलासेस'ला मराठीत काय म्हणावं?

ठाणेकरीण:
नमस्कार. एका भौतिकशास्त्रज्ञाच्या कामावरचा लेख मराठीत करते आहे. आधी न्यूट्रिनो (कशालाही क्वचितच धडकणारे, विद्युतभार नसलेले सूक्ष्म कण), मग अतिशीत अणू असं त्यांचं काम. दोन ठिकाणी अडलेय. एक, 'डिटेक्टर'. जुना पारिभाषिक शब्द 'अभिज्ञातक' लिहिला, तर अकरावीतली भाची म्हणाली, "मावशी, हे कोण?" 'न्यूट्रिनो सापडला' म्हणावं तर तो हाती लागतच नाही. दुसरं, 'ऑप्टिकल मोलासेस', म्हणजे लेसरच्या प्रकाशात अणू दाट पाकात अडखळल्यासारखे मंद आणि गार होतात ते. सध्या 'प्रकाशाची मळी' लिहिलंय. चालेल?

निवृत्त मास्तर, सांगली:
'अभिज्ञातक' काढू नका, विनंती आहे. अभिज्ञान म्हणजे खुणेवरून पटलेली ओळख. दुष्यंताला अंगठी पाहून शकुंतला आठवली, म्हणून ते 'अभिज्ञानशाकुंतल'. न्यूट्रिनोचंही तेच. १९३० मध्ये पाउली या शास्त्रज्ञाने तो कागदावर मांडला आणि १९५६ मध्ये राइन्स आणि कॉवन या शास्त्रज्ञांना अणुभट्टीपाशी त्याची खूण पटली. भाचीला एवढं सांगा, शब्द तिचा होईल. अवघड म्हणून एकेक शब्द टाकत गेलो तर उरेल काय?

अणुरेणू, पुणे:
सर, प्रयोगशाळेत सगळे 'डिटेक्टर'च म्हणतात, लेखातही तोच राहू द्या. क्रियापद मात्र मराठी हवं. मला 'चाहूल लागणे' पटतं. सूर्याकडून येणारे सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला नखाएवढ्या जागेतून आरपार जातात, आपल्याला पत्ता नसतो. जपानमध्ये सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो डिटेक्टरमध्ये डोंगराखाली ५०,००० टन पाणी भरलंय, भोवती प्रकाश टिपणाऱ्या ११,००० हून जास्त नळ्या. एखादाच न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनला धक्का देतो, तो इलेक्ट्रॉन पाण्यातून सुसाट जाताना निळसर उजेड पडतो आणि नळ्यांना दिसतो तो तेवढा उजेड. मांजर दिसत नाही, पण माजघरात भांडं वाजतं. ही चाहूलच की!

निवृत्त मास्तर, सांगली:
चाहुलीत खात्री नसते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं मांडून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी, ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसह, १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो नोंदवले. त्याला नुसती चाहूल म्हणायचं? एक वेळ 'नोंद' म्हणा.

करवीरकर:
न्यूट्रिनोतलं मला कळत नाही, पण ताई, 'मळी' तेवढी लिहू नका. मी गुऱ्हाळावर वाढलोय. काहिलीत रस तापला की भेंडीचं पाणी घालतात, वर काळपट फेस धरतो, ती मळी. झाऱ्याने काढून टाकायची. कारखान्याची मळीसुद्धा साखर काढून उरलेलीच. तुम्हाला हवीय काकवी. गूळ व्हायच्या जरा आधी गुळव्या काढून घेतो ती. चमचा फिरतो, पण जड फिरतो.

अणुरेणू, पुणे:
जड फिरतो, हेच तर हवं! समोरासमोर तीन जोड्या, असे सहा लेसर झोत. अणू ज्या बाजूला सरकेल, त्या बाजूने येणारा प्रकाश त्याला जास्त रेटतो आणि वेग मरतो. १९८५ मध्ये स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी बेल लॅब्समध्ये सोडियमचे अणू असे २४० मायक्रोकेल्विनपर्यंत गार केले, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा साधारण चार हजारावा भाग. पण ठाणेकर ताई, याला 'सापळा' म्हणू नका. यात अणू मंद होतात, अडकत नाहीत, हळूहळू बाहेर पडतात. धरून ठेवायला चुंबकीय क्षेत्राची जोड लागते.

निवृत्त मास्तर, सांगली:
तरी कोशात मोलासेसला मळीही आहे. शास्त्रीय लेखात खाण्याचा पदार्थ आणू नये.

करवीरकर:
मूळ इंग्रजीतही खाण्याचाच पदार्थ आहे ना, मास्तर?

बेळगावची:
आमच्याकडे कन्नडमध्ये 'काकंबी' म्हणतात. मला वाटतं, काकवी तिकडूनच वर आली.

करवीरकर:
उलटंही असेल, बेळगावच्या ताई. ऊस आमच्याकडेही कमी नाही.

ठाणेकरीण:
'प्रकाशाची काकवी' लिहिलं, सगळ्यांचे आभार. भाचीने लगेच विचारलं, अणू भाकरीशी खायचे का? पण 'डिटेक्ट' तसंच राहिलंय आणि लेख उद्या द्यायचाय. चाहूल, नोंद की अभिज्ञान?

बेळगावची:
भाकरीशी का? आमच्याकडे दोशाबरोबर खातात, वर तूप सोडून. करवीरकर, भेंडीचं पाणी म्हणजे भाजीच्या भेंडीचं की रानभेंडीचं? आमची आजी रानभेंडीच म्हणायची.