एकच ग्रंथ, दोन भाऊ
'त्या काळी गुलामगिरी सगळ्यांनाच मान्य होती, मग ख्रिस्ती धर्मालाच दोष का?' हा मुद्दा मला पटत नाही. सन 380 च्या सुमारास निस्साचा (आजच्या तुर्कस्तानातला) बिशप ग्रेगरी याने बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकावरच्या प्रवचनात गुलामांच्या मालकांना थेट विचारलं होतं: देवाच्या प्रतिमेची, म्हणजे माणसाची, किंमत तुम्ही किती ओबोल नाणी ठरवलीत? म्हणजे हा प्रश्न त्या काळातही सुचू शकत होता. पण त्याच्याच सख्ख्या भावाने, सीझरियाच्या बेसिलने, मठात पळून आलेल्या गुलामांना समजावून मालकाकडे परत पाठवावं असा नियम घातला. (मालक देवाज्ञेविरुद्ध वागायला लावत असेल तरच सूट.) बायबल दोघांचं एकच. नैतिकता केवळ ग्रंथातून येते म्हणणाऱ्यांनी या फरकाचं कारण सांगावं.