चिखलदऱ्याच्या वर कधी गेलो नाही, आता थेट ५२८९ मीटर. गाईडसोबत जमेल का?

धुऱ्यावरून (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. वय २४, घरी सहा एकर वावर. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. औंदा कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा बाबांनी विचारलं, तुले काय पाह्यजे? गाडी मागीन असं त्यांना वाटलं होतं. मी म्हटलं, मले बर्फाच्या डोंगरावर जायचं आहे. दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, जाय, पण नीट विचारपूस करून जाय. म्हणून इथं विचारून राहिलो.

शिखर ठरवलं आहे मनालीजवळचं फ्रेंडशिप, ५२८९ मीटर. मे अखेरीस जायचं आणि मिरगाच्या आधी परत यायचं, कारण पेरणी सोडता येत नाही. ट्रेक नेणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणते, अनुभव लागत नाही, फिट असलं म्हणजे झालं, बाकी गाईड पाहून घेते. हे कितपत खरं? मी आजवर चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे चिखलदरा, तेही एसटीनं. तयारी काय करू, आणि आधी कोर्स करावा की सरळ जावं? आगाऊ रक्कम अजून भरली नाही.

अकोटकर

वावरातल्या माणसाचा कणा मजबूत असतो, पण चढाचा दम वेगळा. तुझ्याकडं जिम नाही, डोंगर नाही, पण फवारणीचा पंप असेलच. १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या आसपास जातो. अर्ध्यापासून सुरुवात कर आणि पहाटे पाचला तलावाच्या बांधावर चढ-उतार कर. पाणी आत हिंदकळते, त्यामुळे तोल सांभाळायची सवय लागते. औषध लागलेला पंप मात्र अजिबात नको, कोरा घे. २०१७ मध्ये तुमच्या जिल्ह्यानं फवारणीच्या विषबाधेपायी काय भोगलं ते तुला सांगायला नको. महिन्यातून एकदा इकडं ये, शहानूरवरून नरनाळा किल्ला पायी चढू. उतरताना गुडघे काय म्हणतात तेही कळेल.

आणि अंगाला लागून सुती कपडा घालू नको. आपण जन्मभर कापूस पिकवतो, पण तो घाम धरून ठेवतो आणि थांबलं की अंग गार पडते. आतून सिंथेटिक किंवा लोकर, वर वारा अडवणारं जाकीट.

उपकेंद्रातली ताई (धानोरा, जि. गडचिरोली)

भाऊ, पैसे भरायच्या आधी हे वाच. मी आरोग्यसेविका आहे. तीन वर्षांपूर्वी मीही अशाच कंपनीसोबत लडाखला कांग यात्से-२ वर गेले होते, सहा हजार मीटरच्या वरचं शिखर. तुझ्यासारखीच नवखी होते. पावसाळ्यात नाले ओलांडून गावोगाव पायी फिरते, म्हणून पायांवर भरवसा होता. पायांनी दगा दिला नाही. दगा मी दिला, खोटं बोलून.

लेहला उतरलो तेव्हाच ३५०० मीटरवर होतो. डोकं दुखायला लागलं, भूक गेली. गाईड रोज संध्याकाळी विचारायचा, दीदी सर में दर्द? मी म्हणायची, नहीं. मला वाटायचं, हो म्हटलं तर हा मला खाली पाठवेल, आणि ज्या सुट्टीसाठी वर्षभर साहेबांच्या मागं लागले ती वाया जाईल. बेस कॅम्पला पोचले तेव्हा पाणीसुद्धा उलटून पडत होतं. त्या रात्री गाईडनं मला तंबूबाहेर काढलं आणि टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. मला चार पावलं टाकता आली नाहीत, दारू प्यायलेल्या माणसासारखी एका बाजूला गेले. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण होती. मी स्वतः नर्स, पुस्तकात वाचलेलं, तरी ते माझ्यासोबत होऊन राहिलंय हे मला कळलं नाही. डोकंच बिघडलेलं असतं, ते स्वतःला तपासणार कसं? त्यानं सकाळची वाट पाहिली नाही. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि अंधारात घोड्यावर बसवून मला मारखा खोऱ्याकडं खाली आणलं. पहाटेपर्यंत मी नीट बोलायला लागले होते.

म्हणून कंपनीचा माणूस म्हणतो ना, "गाईड पाहून घेते", ते अर्धंच खरं. गाईड दोर लावेल, बर्फात पायऱ्या फोडेल, हवामान पाहील. तुझं डोकं दुखते की नाही हे त्याला तू सांगितल्याशिवाय दिसत नाही. बर्फाची कुऱ्हाड (आइस अ‍ॅक्स) धरायला एका दिवसात शिकशील. खरं बोलायला मला एक अख्खी मोहीम गमवावी लागली.

वर ऑक्सिजन "कमी होतो" म्हणतात, पण हवेतलं प्रमाण तेच राहते, २१ टक्के. कमी होतो तो दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात निम्माच ऑक्सिजन येतो. शरीर जुळवून घेते, पण त्याला रात्री द्याव्या लागतात. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा नियम आहे. हा नियम समोर ठेवून तुझ्या कंपनीचं दिवसांचं पत्रक वाच. सोलंग, धुंडी, बकरथाच, लेडी लेग असं वर जातात. लेडी लेगचा कॅम्प ३८०० च्या आसपास आहे. तिथूनच मध्यरात्री शिखराला निघणार असाल तर एका दमात जवळपास १५०० मीटर चढ, म्हणजे समुद्रापासून चिखलदऱ्यापर्यंतची सगळी उंची आणि वर आणखी बरीच. त्यांना विचार, मधे वरचा कॅम्प लावता का? एखादा राखीव दिवस आहे का? किती वाजता, शिखर दिसत असलं तरी, मागे फिरवता? शेवटच्या प्रश्नाला ठाम वेळ सांगणारा माणूस मिळाला तर तिथं पैसे भर. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, घसरण वाढते, वरून दगड सुटतात. म्हणून रात्री निघतात.

उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी स्वतःच्या मनानं नको. सल्फाच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांग. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, ते घरी असतानाच अनुभवलेलं बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणतीच कंपनी विचारत नाही. सिकलसेलची (आई-बाबांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी केली आहेस का? आपल्या विदर्भात हे घराघरात आहे. गडचिरोलीत मी रोज पाहते. ज्याला आजार आहे (एसएस) त्यानं या उंचीवर जायचं नावच काढू नये. पण वाहक (एएस) असलेल्याला गावात काहीच त्रास नसतो, तो वखर हाणतो, कबड्डी खेळतो, त्याला माहीतही नसते. वर ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी आटलं की त्याच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ येते. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा, बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट करतात. सोबत हिमोग्लोबिनही पाहून घे.

राजुऱ्याचा गुरुजी

ताईंनी लिहिलंय त्यात कोर्सचं राहिलं, तेवढं सांगतो. २०१८ च्या मे महिन्यात आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. त्या दिवशी शाळेत आम्ही सगळे रडलो. पण ती मुलं इथून उठून थेट तिथं गेली नव्हती. महिनोन्‌महिने तयारी, दार्जिलिंगचं प्रशिक्षण, लडाखची थंडी, आणि निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर काही मुलं मागं राहिली.

उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ ची, दार्जिलिंगची १९५४ ची, मनालीलाही सरकारी संस्था आहे. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. बुटाला क्रॅम्पॉन (धातूचे काटे) लावून चालणं, घसरल्यावर आइस अ‍ॅक्स बर्फात रोवून स्वतःला थांबवणं, दोराच्या गाठी, हे सगळं तिथं पुन्हा पुन्हा करून घेतात. शेतकऱ्याला चार आठवडे काढणं जड जाते, मान्य आहे. पण गाईडसोबत आठ दिवसांत तुला शिखर मिळेल, हात शिकणार नाहीत. माझं मत, आधी कोर्स. नावनोंदणी बऱ्याच आधी भरते, म्हणून पुढच्या वर्षाचा विचार आत्ताच कर.

धुऱ्यावरून

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मामाच्या लहान पोरीला तेच आहे. आम्हाला नुसतं "तिचे हातपाय दुखतात" एवढंच माहीत होतं. तिला दर काही महिन्यांनी दवाखान्यात नेतात. मंग आईलाही असू शकते का? मलेही?

उपकेंद्रातली ताई

हो. पोरीला आजार आहे म्हणजे तिचे आई-बाबा दोघंही निदान वाहक आहेत. तुझा मामा वाहक, तर तुझी आईही असू शकते, आणि आई वाहक असली तर तुला ते मिळण्याची शक्यता निम्मी. घाबरू नको. वाहक म्हणजे आजारी नाही. कित्येक वाहक उंचावर जाऊन सुखरूप येतात. पण माहीत असून जाणं आणि माहीत नसताना जाणं यात फरक आहे. माहीत असलेला माणूस हळू चढतो, पाणी पीत राहतो, बरगडीखाली दुखलं की लगेच सांगतो, आणि जायचं की नाही ते आधी डॉक्टरांना विचारतो. तपासणी करून ये, मग बोलू.

धुऱ्यावरून

आज गेलो होतो. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिसचा नमुना जिल्ह्याला पाठवला आहे. कंपनीच्या माणसाला फोन करून मे महिन्याचं नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं काहून, मी सांगितलं, रिपोर्ट यायचा आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. पंप मात्र रोज उचलून राहिलो.

उपकेंद्रातली ताई

उचलत राहा, पण सध्या अर्धाच भर, उन्हात नको, आणि मधे मधे पाणी पी. बाबांना आजच सांग. त्यांचीही टेस्ट करायची आहे, आईची तर नक्कीच. घरात धाकटी बहीण किंवा भाऊ असेल तर त्यांनाही सोबत घेऊन जा, लग्न ठरायच्या आधी माहीत असलेलं बरं. रिपोर्ट आला की एएस का एसएस तेवढं इथं लिही. मी रात्री आठनंतर बघते.