नकारानंतर गोष्ट संपत नाही

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की मुलीनं स्पष्ट नकार दिला की मुलगा मागे हटतोच, उगाच कथा-सिनेमांना दोष देऊ नये. नाही पटलं. माझ्या धाकट्या बहिणीनं सात रस्ता चौकात, क्लासच्या दारात, चार जणांसमोर नाही म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर आठ महिने तो रोज समोरच्या टपरीवर उभा असायचा. तिनं बॅच बदलली, मग रस्ता बदलला. घरी आली की चपला उचलून आत आणायची, दाराबाहेर दिसल्या तर ती घरात आहे हे त्याला कळेल म्हणून. शेवटी क्लास सुटला तो तिचाच! कादंबरीत हाच मुलगा पावसात भिजत वाट बघणारा प्रेमवीर असतो, आत आणलेल्या चपला कुणी लिहीत नाही.

आणखी एक, इथं कुणी सांगितलं नाही म्हणून. पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम 354 ड, आता भारतीय न्याय संहितेचं 78. नकार कळूनही पुन्हा पुन्हा मागे येणं त्यात बसतं, आणि तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणंसुद्धा. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र. आमचे बाबा या जामिनालाच घाबरले, तो सुटून आला तर काय करेल म्हणून.