गॅरेट आणि माथेरानचे इंजिन : सांधा नेमका कुठे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवर १९११ मध्ये आलेल्या एकमेव गॅरेट इंजिनाचे छायाचित्र नुकतेच पाहिले. मधोमध बॉयलर आणि त्याच्या दोन्ही टोकांना चार-चार चाकांचे स्वतंत्र गाडे, अशी ती विलक्षण रचना आहे. लहानपणापासून आम्ही कर्जत लोकलने नेरळला उतरून माथेरानला जात आलो आहोत. तिथली वळणेही अवघडच आहेत; मग तिथे असे इंजिन का आणले नसावे?

उत्तर (वाशी)
याचे बरेचसे उत्तर सनावळीतच आहे. नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तर पहिले गॅरेट मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात १९०९ मध्ये तयार होऊन टास्मानियाला गेले. मात्र त्यामुळे माथेरानची जर्मन बनावटीची सहा चाकी इंजिने ताठ होती, असे कृपया समजू नये. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलला वळणावर थोडे वळू देणारी क्लीन-लिंडनर रचना होती, आणि मला ती गॅरेटइतकीच कौतुकास्पद वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. परंतु चाके जोडदांड्यांनी एकमेकांना बांधलेली असताना ॲक्सल वळणार कसा?

उत्तर (वाशी)
तिथे एकात एक असे दोन ॲक्सल असतात. आतला भरीव ॲक्सल इंजिनाच्या सांगाड्यात पक्का बसलेला असून जोडदांड्या त्यालाच फिरवतात. चाके मात्र त्याच्यावर चढवलेल्या पोकळ ॲक्सलवर असतात, आणि दोहोंची गाठ मधोमध गोलाकार सांध्याने व खिळीने घातलेली असल्यामुळे फिरण्याची गती चाकांपर्यंत पोहोचते, तरीही वळणावर बाहेरचा ॲक्सल थोडा तिरका होऊ शकतो आणि बाजूलाही सरकू शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

उत्तर (ऐरोली)
गॅरेटविषयी थोडी भर घालतो. बॉयलरखाली चाके नसल्यामुळे तो आखूड आणि जाड ठेवता येतो, शिवाय भट्टीही रुंद व खोल करता येते. माथेरानसारख्या विसास एक (वीस फूट अंतरात एक फूट उंची) चढावर आखूड बॉयलर फार उपयोगी पडला असता, कारण इंजिन कलले तरी भट्टीच्या माथ्यावरील पाण्याची पातळी तुलनेने कमी बदलते. दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी : पाण्याच्या टाक्या चाकांच्या गाड्यांवर असल्याने पाणी संपत जाते तसतशी चाकांची रुळांवरील पकड कमी होते.